सॅप येत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात म्हापशाच्या एका बांधकाम-साहित्याच्या वितरकाकडे चार वर्षं अकाउंट्स बघताय. टॅली, एक्सेल, जीएसटीची रिटर्नं, पार्ट्यांचे हिशेब, सगळं तुमच्याच अंगावर. आता वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून अकाउंट्स पेयेबलच्या (पुरवठादारांची बिलं तपासून पैसे देण्याच्या) जागेसाठी बोलावणं आलंय, मुलाखत पुढच्या गुरुवारी. जाहिरातीत लिहिलंय, ‘सॅप एफआय आणि एमएम, किमान दोन वर्षं’. सॅप म्हणजे मोठ्या कंपन्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, एफआय त्यातला वित्ताचा भाग आणि एमएम खरेदी-मालाचा. त्याचा स्क्रीन तुम्ही पाहिलेलाही नाही. मित्र म्हणतो, येतं म्हणून ठोकून दे, आत गेल्यावर आठ दिवसांत शिकशील. घरचे म्हणतात, जाऊच नको, डिचोलीहून वेर्ण्याला जाऊन नकारच ऐकायचा तर रजा कशाला फुकट घालवायची.

माझं म्हणणं, जा. आणि मित्राचं ऐकू नका. कारण सांगते.

मी २०१३ पासून वेर्ण्यातच नोकरी करते आणि गेली सहा वर्षं आमच्या अकाउंट्स खात्याच्या मुलाखती मीच घेते. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सॅप येत नाही ही अडचण आहेच, पण ती लहान आहे. मोठी अडचण ही की चार वर्षं जे काम केलंत त्याला कारखान्यात काय म्हणतात, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. एवढ्या लांब प्रश्नात स्वतःच्या कामाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय: ‘मी टॅलीत एन्ट्र्या करतो.’ हेच वाक्य मुलाखतीत बोललात तर समोरचा काय समजेल? कुणीतरी बिलं आणून देतं आणि हा टाइप करतो. आणि तुमच्या प्रश्नात पुढे मात्र सहज येऊन गेलंय की माल कमी आला तर पार्टीशी भांडणही तुम्हीच करता. पेयेबलचं काम ते. एन्ट्री त्याच्या नंतर येते.

हे मी कुठून शिकले ते सांगितलं तर पुढचं पटेल.

२०१२ पर्यंत मी साखळीजवळ खनिज वाहतूक करणाऱ्या एका ट्रकमालकाकडे हिशेब लिहायचे. खाणीवरून ट्रक भरून निघायचा तेव्हा तिथल्या काट्यावरची पावती, आमोण्याच्या जेटीवर रिकामा व्हायचा तेव्हा तिथल्या काट्यावरची पावती. दोन्हींत फरक पडायचाच. पावसाळ्याच्या आधीचं कोरडं खनिज, वाटेत सांडलेलं, कधी काटाच बिघडलेला. रोज संध्याकाळी दोन पावत्या जुळवायच्या, फरक ठरलेल्या मर्यादेत असेल तर सोडायचा, जास्त असेल तर त्या ट्रिपचे पैसे अडवून ठेवायचे आणि कारण सापडल्यावरच मोकळे करायचे. पाच वर्षं मी हे केलं. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यात खाणी बंद झाल्या, आमच्या गावात ट्रक रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि डिसेंबरपर्यंत माझी नोकरी गेली.

तेव्हा मला एकाने तुमच्या मित्रासारखाच सल्ला दिला. पणजीत संध्याकाळचा एक क्लास लावला, तिथे फळ्यावर कोड लिहून द्यायचे आणि आम्ही पाठ करायचो: माल घ्यायला मीगो, बिल घ्यायला मीरो, पीओशिवायचं (खरेदीची ऑर्डर नसलेलं) बिल एफबी६०, वेंडरची (माल देणाऱ्या पार्टीची) बाकी बघायला एफबीएल१एन. बायोडेटात लिहिलं, ‘सॅपचं कामचलाऊ ज्ञान’. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, “बिल मीरोत घेतलं, पण स्टोअर्सने माल अजून घेतलेला नाही. जीआर-आयआर खात्यात काय दिसेल?” (जीआर-आयआर म्हणजे मालाची आवक आणि बिल यांच्या मधलं खातं, पुढे सांगते.) मी पाठ केलेला एक कोड सांगितला. त्यांनी प्रश्न जरा वळवून पुन्हा विचारला. मी दुसरा कोड सांगितला. त्यांनी फाइल मिटली आणि नीट निरोप दिला. त्यांचं काहीच चुकलं नाही.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर उमगलं की मला विचारलं होतं ते दोन काट्यांच्या पावत्यांबद्दलच. एका टोकाला नोंद झाली, दुसऱ्या टोकाला झाली नाही, मध्ये जे लोंबकळत राहतं त्याचं काय करायचं. याचं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. पण सॅप येतं म्हणून मी आधीच सांगून बसले होते, त्यामुळे सॅपच्याच शब्दांत उत्तर देणं मला भाग होतं आणि ते शब्द माझ्याकडे नव्हते. खोटं बोलल्यामुळे माझं जे खरं भांडवल होतं तेच मला वापरता आलं नाही. पुढच्या मुलाखतीत बसताक्षणी सांगितलं की सॅपवर काम केलेलं नाही, आणि मग काट्यांची गोष्ट सांगितली. तिथेच लागले.

आता एक कबूल करायला हवं. हा सल्ला सगळ्या जागांना लागू नाही. जागा कसली आहे त्यावर बरंच ठरतं. चार-पाच जणांच्या टीममध्ये बिल पासिंगसाठी माणूस हवा असेल तर जाहिरातीतली ‘दोन वर्षं’ ही बहुतेक वेळा इच्छा असते, अट नसते. एचआरने जुनी जाहिरात तशीच उचललेली असते. पण खात्यात एकच माणूस असेल, तो महिन्याभरात जाणार असेल आणि शिकवायला मागे कोणी उरणार नसेल, तर अट खरी आहे. तसंच, कारखाना सॅपच्या जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जायच्या बेतात असेल, म्हणजे ईसीसीवरून एस-फोर-हानावर, तर त्यांना जुनं जाणणारा माणूस हवा असतो. ईसीसीचा मुख्य सपोर्ट सॅप २०२७ च्या अखेरीस थांबवणार आहे, त्यामुळे असे बदल सध्या बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. त्या घाईत नवशिक्याकडे बघायला कुणाला सवड नसते, आणि तिथे तुम्हाला घेतलं नाही तर त्यात तुमची हार नाही.

म्हणून आजच एचआरला फोन करा. तीनच गोष्टी विचारा: टीम किती जणांची आहे, सॅप ईसीसी आहे की हाना, आणि बिलं जास्त करून पीओवरची असतात की पीओशिवायची. असा फोन केल्याने वाईट मत होत नाही. मला असा फोन आला तर मी त्या उमेदवाराचं नाव लक्षात ठेवते. त्याच फोनवर हेही सांगून टाका की माझा अनुभव टॅलीचा आहे, बायोडेटात तसंच लिहिलंय, तरी यायचं ना? ‘या’ म्हणाले तर अर्धं ओझं तिथेच उतरलं.

आणि मित्राच्या सल्ल्याबद्दल एवढंच, की नोकरीवर घेण्याआधी एचआर तुमच्या आधीच्या मालकाला फोन करतं. म्हापशाच्या तुमच्या शेठला कुणी विचारलं, “तुमच्याकडे सॅप कधीपासून आहे?” तर तो काय सांगेल? आपलं राज्य केवढं आहे ते तुम्हाला सांगायला नको. वेर्णा, कुंडई, कुंकळ्ळी, सगळीकडे तेच ऑडिटर फिरतात, आणि एका कारखान्यातला अकाउंटंट दुसऱ्याचा मावसभाऊ निघतो.

मुलाखतीत विषय निघण्याची वाट बघू नका. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणाले की तिथेच, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात सांगून टाका. साधारण असं: “मी सॅपवर काम केलेलं नाही, माझं सगळं काम टॅलीत आहे. पण पीओपासून पेमेंटपर्यंतचं पूर्ण काम चार वर्षं माझ्याकडे आहे. ऑर्डर, मालाची आवक, बिल, फरक, टीडीएस, पेमेंट, पार्टीचा जुळलेला खातेउतारा. यातलं कुठलंही विचारा.” मुलाखत बहुधा इंग्रजीत होईल, तेव्हा हे इंग्रजीत स्वतःच्या शब्दांत बसवा आणि घरी मोठ्याने चार-पाचदा म्हणून बघा. मनातल्या मनात म्हटलेलं तोंडातून तसं येत नाही. आणि ‘नाही’ म्हणताना माफी मागू नका. “सॉरी, अ‍ॅक्चुअली, अजून चान्स मिळाला नाही” असं सुरू झालं की पुढची दहा मिनिटं समोरचा तुमची समजूत काढत बसतो आणि कामाचं बोलणं राहून जातं.

‘यातलं कुठलंही विचारा’ म्हटलं की विचारणार. तेव्हा आता मुद्द्याच्या तयारीला येऊ. तुमच्या चार वर्षांचं भाषांतर करायचं आहे आणि ते वाटतं तितकं अवघड नाही.

टॅलीत तुम्ही प्रत्येक पार्टीचं लेजर ‘संड्री क्रेडिटर्स’ या ग्रुपखाली उघडता. सॅपमध्ये वेंडर ही वेगळी वही असते आणि सगळ्या वेंडरांची बेरीज जनरल लेजरमधल्या एका नियंत्रण खात्यात आपोआप पडते. त्याला रिकन्सिलिएशन अकाउंट म्हणतात, त्यात हाताने एन्ट्री करता येत नाही. हानात वेंडर आणि कस्टमर दोघांनाही बिझनेस पार्टनर म्हणतात, पण कल्पना तीच.

टॅलीत पेमेंट टाकताना बिलवाइज तपशील येतो: न्यू रेफ, अगेन्स्ट रेफ, अ‍ॅडव्हान्स, ऑन अकाउंट. घाईत ‘ऑन अकाउंट’ (कुठल्याही बिलाशी न जोडता) टाकून मोकळं झालं की पार्टीच्या उताऱ्यात बिलंही उघडी आणि पैसेही उघडे, मग वर्षअखेरीला तो गुंता तुम्हीच सोडवत बसता. सॅपमध्ये यालाच ओपन आयटम आणि क्लिअरिंग म्हणतात. “मी ऑन अकाउंट काहीही ठेवत नाही, दर महिन्याला जुळवून टाकतो,” हे तुमच्याबाबतीत खरं असेल तर नक्की सांगा. पेयेबल सांभाळणाऱ्या माणसाला याहून गोड वाक्य नाही.

पीओवरचं बिल आणि पीओशिवायचं बिल यातला फरक टॅलीत फारसा जाणवत नाही, दोन्हीकडे परचेस नाहीतर जर्नल. सॅपमध्ये रस्तेच दोन आहेत. विजेचं बिल, वकिलाची फी, असलं सगळं थेट एफबी६० मध्ये. कच्चा माल, पॅकिंग, सुटे भाग, ज्याची ऑर्डर निघालेली आहे ते मीरोत, कारण तिथे बिल ऑर्डरशी आणि आवकेशी ताडून बघितलं जातं. पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल, या तिघांच्या जुळणीला थ्री-वे मॅच म्हणतात आणि मुलाखतीतला निम्मा वेळ याच्याभोवती जाईल.

तुमच्याच दुकानातलं उदाहरण घ्या. २०० पीव्हीसी पाइपांची ऑर्डर, दर ३५० रुपये. ट्रक आला, ४ पाइप फुटलेले, तुम्ही १९६ उतरवून घेतले. पार्टीने बिल मात्र २०० चं पाठवलं, करसोडून ७०,००० रुपये. तुम्ही काय करता? एक तर बिल पूर्ण घेऊन १,४०० ची डेबिट नोट काढता, नाहीतर सुधारलेलं बिल येईपर्यंत पैसे थांबवता.

आता हेच सॅपमध्ये. स्टोअर्सने मीगोत १९६ घेतले: स्टॉक डेबिट ६८,६००, जीआर-आयआर क्रेडिट ६८,६००. लक्षात घ्या, इथे पार्टीचं नाव कुठेच आलेलं नाही. बिल आलेलं नसल्यामुळे पार्टीचं देणं अजून उभं राहिलेलं नाही, ते या मधल्या खात्यात थांबलंय. मग अकाउंट्सने मीरोत २०० चं बिल घेतलं: जीआर-आयआर डेबिट ७०,०००, जीएसटीच्या इनपुट क्रेडिटचं खातं वेगळं डेबिट, आणि वेंडर क्रेडिट. संख्या जुळत नाही म्हणून बिल पोस्ट होईल, पण मर्यादा ओलांडली असेल तर त्यावर पेमेंट ब्लॉक बसेल. जीआर-आयआरमध्ये १,४०० डेबिट उरेल. ४ पाइपांची क्रेडिट मेमो (रक्कम कमी केल्याची पार्टीची नोट) मीरोतच घेतली की ते शून्य होईल. स्टोअर्सने उरलेले ४ नंतर घेतले तरी होईल. दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर ते १,४०० रुपये मार्चपर्यंत तसेच पडून राहतील आणि ऑडिटर विचारेल.

यात तुम्हाला नवीन काय होतं? शब्द आणि एक मधलं खातं. टॅलीत रिसीट नोट आणि ट्रॅकिंग नंबर वापरत असाल तर ‘माल आला, बिल आलं नाही’ ही यादी तिथेही निघते. वापरत नसाल तर ते काम तुम्ही एक्सेलमध्ये किंवा डोक्यात करत असणार. जीआर-आयआर म्हणजे तीच यादी, फक्त खात्याच्या रूपात. मला २०१३ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे: बिल आधी आलं आणि माल नंतर, तर त्या खात्यात डेबिट दिसतं, आणि डेबिट दिसलं की स्टोअर्सला फोन करायचा.

एक फरक मात्र खरोखर वेगळा आहे आणि टॅलीवरून येणारी माणसं तिथेच अडखळतात. टॅलीत चुकलेलं व्हाउचर आपण उघडतो, आकडा बदलतो, सेव्ह करतो. गेल्या महिन्याची तारीख टाकूनही एन्ट्री करतो. सॅपमध्ये पोस्ट झालेला डॉक्युमेंट पुसता येत नाही, त्यातली रक्कम बदलता येत नाही. उलटी एन्ट्री करून तो रद्द करायचा आणि नवा टाकायचा, दोन्ही नोंदी कायम राहतात. महिना बंद झाला की त्या महिन्यात पोस्टिंगही बंद. नव्या माणसाला हे सुरुवातीला फार जाचतं. आमच्याकडे एक मुलगा आला होता, कामाला चांगला, पण पहिल्या महिन्यात दर दोन दिवसांनी विचारायचा, “मॅडम, एवढं एकच एडिट करून मिळेल का?” सवय मोडायला वेळ लागला. मुलाखतीत हा मुद्दा तुम्ही आपणहून काढलात तर समोरच्याला कळेल की हा माणूस प्रणालीचा विचार करून आलाय. सांगायला आधारही आहे: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं कायद्यानेच सक्तीचं झालंय, आणि टॅलीतही त्यासाठी एडिट लॉग आलाय. तुमच्या मालकाची फर्म कंपनी नसेल तर ती सक्ती तुम्हाला लागू नसेल. तरी एडिट लॉगवर काम करत असाल तर जरूर सांगा.

सॅपच्या बाहेरचंही बरंच काम असतं आणि तिथे तुम्ही त्यांच्यापेक्षा पुढे असू शकता. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पार्ट्यांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर निघणारा उतारा) तयार होतं. ते खरेदीच्या नोंदींशी जुळवायचं, ज्या पार्टीने आपल्या रिटर्नमध्ये बिल दाखवलेलं नाही तिच्या मागे लागायचं. मोठ्या कारखान्यांतही हे अजून एक्सेलमध्येच चालतं, आणि कंटाळवाणं असल्यामुळे कुणाला नको असतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, त्या पार्ट्यांची वेगळी यादी ठेवावी लागते. ठेकेदार एकटा माणूस असेल तर टीडीएस १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. हे तुम्ही रोज करता. मुलाखतीत मात्र लोक हे सांगायलाच विसरतात, कारण त्यांना ते ‘साधं’ वाटतं.

‘शिकायला किती दिवस लागतील?’ हा प्रश्न येणारच. ‘एका आठवड्यात शिकतो’ म्हणू नका, ऐकणाऱ्याला ते कळतं. आमच्याकडचा अनुभव सांगते. टॅलीवरून आलेला चांगला माणूस दोन-तीन आठवड्यांत साधी बिलं स्वतः पोस्ट करतो. ब्लॉक झालेली बिलं, परतीचा माल, परदेशी बिलं यायला दोन-तीन महिने जातात. आणि क्लोजिंगला, म्हणजे महिनाअखेरीला हिशेब बंद करायला, एकटं सोडण्याआधी मी तीन क्लोजिंग त्याच्या शेजारी बसून करते. तुम्ही एवढंच म्हणा की बिलं लवकर येतील, क्लोजिंगला वेळ लागेल, आणि मग नवी गोष्ट शिकल्याचा पुरावा द्या. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. तुमच्या दुकानाला ते लागू झालं असेल तर पोर्टलवर नोंदणी कुणी केली, पहिलं बिल रिजेक्ट झालं तेव्हा कुणी निस्तरलं? तुम्हीच ना? मग ती गोष्ट दोन मिनिटांत सांगा: काय माहीत नव्हतं, कुणाला विचारलं, काय चुकलं, किती दिवसांत सुरळीत झालं. ‘मी पटकन शिकतो’ हे मी दर मुलाखतीत ऐकते. अशी गोष्ट वर्षातून एकदा ऐकायला मिळते.

आठवड्याभरात क्लास लावायच्या भानगडीत पडू नका, पैसे जपून ठेवा. सॅपच्याच लर्निंग संकेतस्थळावर खरेदी आणि देण्यांच्या प्रक्रियेचे धडे मोफत आहेत. इंग्रजी थोडं जड आहे, पण रोज एक तास बसलात तर स्क्रीन कसा दिसतो, कुठे काय भरतात ते डोळ्यांना ओळखीचं होईल. ‘अनुभव नाही, पण हे धडे बघितलेत’ हे खरं वाक्य तुम्हाला सांगता येईल. बाकीचा वेळ पाइपांसारखी पाच उदाहरणं स्वतःच्या कामातून काढा आणि वहीत दोन्ही पद्धतीने लिहा: कमी आलेला माल, बिलात जास्त लावलेला दर, आगाऊ दिलेले पैसे, परत पाठवलेला माल, आणि मार्चअखेर माल आलाय पण बिल नाही. मालकाची बिलं, पार्ट्यांची नावं, एक्सेलच्या फाइली घेऊन जाऊ नका. दाखवायला गेलेल्या उमेदवारांना मी स्वतः थांबवलंय. आज जो आपल्या मालकाचे कागद मला दाखवतो, तो उद्या आमचे कुणाला दाखवेल?

पगाराचं एक. सॅप नाही म्हणून थोडा कमी आकडा पुढे करतील. तो किती कमी चालेल हे तुमच्या घरच्या गरजेवर आहे, त्यात मी बोलू नये. पण कमी घेतलात तर ‘प्रोबेशन संपल्यावर पुन्हा बघू’ हे ऑफर लेटरात लिहून मागा. तोंडी सांगितलेलं एचआरमधला माणूस बदलला की कुणाला आठवत नाही.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतील. तेव्हा विचारा, “गेल्या क्लोजिंगला तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय अडकलं होतं?” उत्तर नीट ऐका. ‘स्टोअर्स जीआरएन वेळेवर करत नाही’ किंवा ‘जीआर-आयआरमध्ये जुनं पडून आहे’ असं काही म्हणाले तर खिशातला पेन काढा, त्यांच्याकडे कोरा कागद मागा, आणि २०० पाइपांची गोष्ट टी-अकाउंटमध्ये (डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट) मांडून दाखवा. आधी तुम्ही म्हापशात काय करता ते, मग तुमच्या समजुतीप्रमाणे सॅपमध्ये ते कसं पडेल ते. चुकलात तर ते दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करता करता त्यांना तुमच्याबरोबर काम करून बघितल्यासारखं होईल.

गुरुवारी काय झालं ते कळवा. जीआर-आयआर अजून डोक्यात बसत नसेल तर त्याआधीच विचारा, दुसरं उदाहरण घेऊन सांगेन.